इनासच्या नावाला माझी हरकत

नमस्कार. बसा, सगळे बसून घ्या. मागे उभे आहात त्यांनी पुढे या, डावीकडच्या खुर्च्या रिकाम्या आहेत. शुक्रवारची दुपार, तुमची हक्काची सुट्टी, तरी तुम्ही आलात. शारजाहून आलात, अबुधाबीहून आलात. फुजैराहून तर बस करून आलात. अल कुसैसच्या ह्या हॉलमध्ये मी कितीतरी हळदीकुंकवं पाहिली, बारशी पाहिली, पोरांचे वाढदिवस पाहिले. एवढी माणसं मी इथे कधी पाहिली नाहीत.

खरं सांगू? मघाशी गाडी लावायला जागा मिळेना. दोन चकरा मारल्या, शेवटी पलीकडच्या ग्रोसरीच्या मागे लावली. आणि चालत येताना माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? माझ्या वेळेला एवढे येतील का, हा. म्हणजे बघा. माणूस जाऊन पंधरा दिवस झाले, आणि मी अजून त्याच्याशी बरोबरी करतोय.

मला बोलणं कठीण जातंय. रडू येतंय म्हणून नाही. ते घरी झालं, एकट्याने झालं. इथे कठीण जातंय ते वेगळ्या कारणाने. मला आज असं काहीतरी सांगायचं आहे जे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आवडणार नाही. आणि ते मीच सांगावं, ह्याच्यासारखं वाईट काही नाही. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर शोभलं असतं.

जे नवीन आहेत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इनास तुस्कानो आणि मी, मनोहर चुरी, आम्ही दोघं वसईचे. एका वर्गात शिकलो, आपल्याच कॉलेजमध्ये. कम्युनिटी कॉलेज म्हणतो आपण त्याला. ज्यांना रोज मुंबई गाठणं झेपत नव्हतं अशा पोरांसाठी आपल्या वाडवडिलांनी वर्गण्या काढून उभं केलेलं. पुढे मी दुबईला आलो, दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत, ट्रेझरीला, कर्ज-व्याजाच्या हिशोबाला. इनास फुजैराला गेला, जहाजांच्या एजन्सीत. तिथेच ऑफिसात, खुर्चीत बसल्या बसल्या तो गेला. अंत्यविधी वसईला झाला. त्याची बायको, आपल्या लुर्दिना वहिनी, घर आवरायला परत आल्या आहेत, समोर बसल्या आहेत. वहिनी, आज मी काही वेडंवाकडं बोललो तर तुम्ही मला ओळखता.

तो माझा मित्र होता. चाळीस वर्षांचा मित्र. आणि ती चाळीस वर्षं मी त्याच्यावर जळलो.

हसताय ना? हसा. इनासही हसायचा. "चुरी, तुझ्या पोटात परत दुखतंय काय रे?" असं सगळ्यांसमोर विचारायचा. मी म्हणायचो, गप रे. पण दुखायचं. खरोखर दुखायचं. अकाउंटन्सीत पहिला मी यायचो. पण सरांना नाव आठवायचं इनासचं. कॉलेजच्या निवडणुकीला मी उभा राहिलो, घरोघर फिरलो, भाषणं पाठ केली. इनासने फॉर्म भरला आणि गावी मामाच्या लग्नाला निघून गेला. निवडून कोण आला? सांगायला नको. आमच्या सुनंदाचं आणि माझं लग्न ठरलं तेव्हा सासरे म्हणाले, त्या इनासचे मित्र ना तुम्ही? मग काही प्रश्न नाही. म्हणजे माझं लग्नसुद्धा त्याच्या ओळखीवर झालं.

तो फुजैराहून आमच्याकडे यायचा तो आइसबॉक्स घेऊन. सुरमई, शेरी, कधी कोळंबी. दारात उभा राहून सुनंदाला हाक मारायचा, "यल्ला वहिनी, कढई ठेवा." माझ्या घरात माझ्या येण्याने कधी कुणी धावत दारात आलं नाही. त्याच्यासाठी यायचे. माझी मुलगी केतकी, जी माझ्याशी हो-नाहीत बोलायची, ती त्याला शाळेतल्या सगळ्या गोष्टी सांगायची. मराठीत सांगायची. माझ्याशी इंग्लिश, त्याच्याशी मराठी. ह्याला काय म्हणाल?

मग आलं दोन हजार आठ. तुमच्यापैकी निम्मे तेव्हा इथे होते, तुम्हाला मी काय सांगणार. आज ऑफिसला गेलेला माणूस दुपारी खोका घेऊन खाली उतरायचा. आमच्या कंपनीची कामं एकेक करत थांबली. मला काढलं नाही, पण पगार अर्धा केला. एचआरवाला म्हणाला, मिस्टर चुरी, बी हॅपी. मी हॅपी झालो. घराचं भाडं आणि केतकीच्या पुढच्या शिक्षणाचा खर्च दोन्ही झेपणं शक्य नव्हतं. तिने पुण्याला जायचं ठरवलं होतं. मी तिला आणि सुनंदाला वसईला पाठवलं, आणि केतकीला घातलं आपल्या कॉलेजात. मी इथे चौघांच्या खोलीत एका खाटेपुरती बेडस्पेस घेतली.

आणि इनास? त्याला काही झालं नाही. मंदीत जहाजं फुजैराच्या समुद्रात उभी राहिली, आणि उभ्या जहाजालाही पाणी लागतं, भाजी लागते, एजंट लागतो. त्याचं काम उलट वाढलं. तो मला म्हणाला, चुरी, पैसे लागले तर सांग. मी म्हटलं, नकोत. त्याने परत विचारलं नाही, आणि त्याने परत विचारलं नाही म्हणूनही मी त्याच्यावर चिडलो. माझं असं होतं.

काही महिन्यांनी तो मला भेटायला आला. आम्ही त्याच्या गाडीत बसलो होतो, एसी लावून, खोलीत बोलायला जागा नव्हती म्हणून. तो म्हणाला, कॉलेजची हालत बघितलीस का? मी विचारलं, तुला काय माहीत? म्हणाला, केतकीने फोन केला होता. गच्ची गळते. लॅबमध्ये वायरी उघड्या आहेत, शॉक बसतो म्हणून प्रॅक्टिकल बंद. आणि मुलींच्या संडासाला दारं नाहीत. एक मुलगी आत जाते तेव्हा दुसरी ओढणी धरून उभी राहते. मुली सकाळपासून पाणी पीत नाहीत.

माझी मुलगी. माझी मुलगी पाणी न पिता कॉलेजात बसते, आणि हे मला इनासकडून कळतं.

मी केतकीला फोन केला. म्हटलं, मला का नाही सांगितलंस? काय म्हणाली असेल? "पप्पा, यू वुड हॅव सेड ॲडजस्ट." एवढंच. मी फोन ठेवला. कारण मी तेच म्हणालो असतो. त्या दिवशी मला इनासचा जेवढा राग आला तेवढा कधी आला नाही. त्याने काही केलं नव्हतं. फोन उचलला होता फक्त.

मग आपली ती मीटिंग झाली. आठवते ना? कुलकर्णी, तुमच्या घरी. माजी विद्यार्थी, गल्फमधले, जे नोकरीवर टिकले होते ते. कॉलेजसाठी काहीतरी करायचं. आणि आपण काय केलं? एक जण म्हणाला, मी एका वर्गाचा खर्च देतो, वडिलांचं नाव लावा. दुसरा म्हणाला, मी पंखे देतो, आईच्या स्मरणार्थ. आपल्याकडची पद्धत तुम्हाला माहीत आहे. पंख्याच्या पात्यावर लाल रंगात नाव. पंखा सुरू झाला की नाव वाचता येत नाही, म्हणून देणगीदार आले की शिपाई पंखे बंद करायचा. भर मे महिन्यात. पायऱ्यांवर नावं, बाकांवर नावं, पाण्याच्या टाकीवर नाव. गेटवर संगमरवरी कमान, तिच्यावर तीन नावं. आणि त्या कमानीतून आत गेलं की वर्गात बादल्या ठेवलेल्या, गळणाऱ्या पाण्याखाली.

सगळ्यांचं बोलून झाल्यावर इनासने विचारलं. शांतपणे विचारलं. "मुलींच्या संडासाला कोणाच्या आईचं नाव लावायचं?"

तो पुढे म्हणाला, ड्रेनेजच्या पाइपाला कोणाच्या वडिलांचं? गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला कोणाचं? आपण कॉलेजला नवीन वस्तू देतो, कारण नवीन वस्तूवर नाव लागतं. दुरुस्तीवर लागत नाही. म्हणून तीस वर्षांत दुरुस्ती झाली नाही.

तेव्हा मी बोललो. मी, मनोहर चुरी. आणि काय बोललो? टोमणा मारला. म्हटलं, मग काय आता सरकारसारखे बाँड काढायचे, कॉलेजच्या दुरुस्तीसाठी? सगळे हसले. इनास हसला नाही. म्हणाला, "काढूया. चुरी, हे कसं करतात?"

शब्द माझा होता, मंडळी. बाँड, कर्जरोखे, हा शब्द त्या खोलीत पहिल्यांदा माझ्या तोंडून आला. पण आज कोणालाही विचारा, वसईत विचारा, इथे विचारा. इनासचे रोखे. माझे म्हणून कोणी म्हणत नाही.

काम आम्ही दोघांनी केलं. कॉलेज चालवणाऱ्या संस्थेला पटवणं, सीए शोधणं, परवानग्या, ही सगळी कागदी बाजू माझी. व्याज किती द्यायचं, कुठून द्यायचं, दुरुस्ती झाली की संध्याकाळचे वर्ग सुरू करायचे आणि त्यांच्या फीमधून पैसे बाजूला काढायचे, हा हिशोब मी मांडला. बेडस्पेसमध्ये, मांडीवर लॅपटॉप घेऊन. माणसं इनासने आणली. एक रोखा पाच हजार रुपयांचा, दहा वर्षांच्या मुदतीचा. आपल्याला तेव्हा चारशे दिरहमच्या आत पडायचा, म्हणजे इथे एका कुटुंबाचं महिन्याभराचं वाणसामान. मी म्हटलं होतं, मोठे रोखे काढू, गल्फवाल्यांनाच विकू, कटकट कमी. तो म्हणाला, नाही. गावातल्या माणसाला घेता आला पाहिजे. ज्याची पोर तिथे शिकते त्याला घेता आला पाहिजे. त्याला कळू दे, कॉलेज त्याचं देणं लागतं. मग तो गेटवर हात जोडून उभा राहणार नाही, आत येऊन विचारेल, गच्चीचं काय झालं?

तो सुट्टीवर गेला आणि दारोदार फिरला. मी सोबत होतो. एका दुपारी आम्ही रेजीनाबायकडे गेलो. फुलं आणि भाजी विकते ती, डोक्यावर टोपली घेऊन बाजारात जाते. तिची नात तेव्हा लहान होती. रेजीनाबायने विचारलं, इनास, पैसे बुडणार नाहीत ना रे? आणि ह्याने गल्फच्या सवयीने म्हटलं, "इन्शाल्ला, नाही बुडणार."

रेजीनाबायने हातातले पैसे परत कमरेला लावले. म्हणाली, माझा जावई पण कुवेतमध्ये होता. तो इन्शाल्ला म्हणाला की काम व्हायचं नाही.

मी हसत सुटलो. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पहिल्यांदा कोणीतरी इनासला नाही म्हणालं होतं. पण तो खाली बसला, तिच्या ओट्यावर, मातीत. म्हणाला, बाय, इन्शाल्ला सोड. मुदत संपेल त्या दिवशी तुझे पैसे तुला मिळतील. तुला मागावे लागणार नाहीत. हात जोडावे लागणार नाहीत. हे मी बोललो. तिने पैसे काढून दिले. तीन रोखे घेतले. नातीसाठी.

आणि दुरुस्ती झाली. गच्ची झाली, वायरिंग झालं, ड्रेनेज झालं. मुलींच्या संडासांना दारं लागली, आतून कड्या लागल्या, नळाला पाणी आलं. केतकीने मला फोटो पाठवला. कशाचा? कडीचा. नुसत्या कडीचा. खाली लिहिलं होतं, टेल इनास अंकल. मला नाही थँक्यू. मी निरोप्या.

कुठेही पाटी लागली नाही. लोक विचारायचे, हे कोणी दिलं? शिपाई सांगायचा, कोणी दिलं नाही, कर्जाने केलंय, कॉलेज फेडतंय. अभिमानाने सांगायचा तो. आणि कॉलेज फेडत होतं, मंडळी. दर वर्षी व्याज आलं. एक वर्ष चुकलं नाही. आता मुदत संपत आलीय. येत्या मार्चमध्ये मुद्दल परत करायचं आहे, आणि पैसे संस्थेकडे जमा आहेत. मी स्वतः बघितलेत. आणि त्याच्या पुढे इनासच्या डोक्यात दुसरे रोखे होते. वर्कशॉपसाठी, लायब्ररीच्या छपरासाठी. म्हणायचा, पहिले फिटले की लोक दुसरे डोळे मिटून घेतील.

आता मी मुद्द्यावर येतो. पाणी द्या जरा. थँक्यू.

इनास गेल्यावर तिसऱ्या दिवशी मला संस्थेच्या सेक्रेटरींचा फोन आला. चांगला माणूस आहे. मनापासून बोलत होता, रडत होता. म्हणाला, चुरीसाहेब, आम्ही ठरवलंय, नव्या सभागृहाला इनासभाईंचं नाव द्यायचं. आणि रोखेधारकांना विनंती करायची, की त्यांच्या स्मरणार्थ सगळ्यांनी रोख्यांचे पैसे सोडून द्यावेत. त्या पैशातून सभागृह होईल. तुम्ही गल्फच्या ग्रुपचे अध्यक्ष. तुमच्या शोकसभेत जाहीर करा.

मी म्हटलं, बघतो.

पण मी बघेपर्यंत आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सुरूच झालं होतं. पहिल्याने लिहिलं, आय वेव्ह माइन, म्हणजे माझे पैसे मी सोडले, खाली हात जोडलेले इमोजी. दुसऱ्याने लिहिलं, माझे पण, इनाससाठी काहीही. तिसऱ्याने लिहिलं, माझे आणि मिसेसचे पण. अर्ध्या तासात निम्म्या ग्रुपने सोडले. सगळ्यांना घाई. मी तुम्हाला दोष देत नाही. तुम्ही प्रेमाने केलंत. आपल्याला आता ती रक्कम म्हणजे काय आहे? एका वीकेंडचा खर्च. मंदी कधीच संपली.

मी काही लिहिलं नाही. मग कुजबूज सुरू झाली. चुरीने अजून लिहिलं नाही. आज दारात कुलकर्णी मला म्हणाले. कुलकर्णी, सांगू ना? म्हणाले, "चुरी, आज तरी मोठं मन करा." खलास. माझं मन केवढं आहे ते चाळीस वर्षं सगळ्यांना माहीत आहे.

आणि परवा केतकीचा फोन आला. ती आता त्याच कॉलेजात शिकवते, तुम्हाला माहीत आहे. ह्या वेळी तिने मला फोन केला. मला. म्हणाली, पप्पा, रेजीनाबाय ऑफिसात आली होती. म्हातारी झालीय, नातीचा हात धरून आली. टेबलावर संमतीचे कागद ठेवले होते, गल्फवाल्यांची नावं वरती, सगळी टाइप केलेली. क्लार्कने वाचून दाखवलं, ह्यांनी सोडले, त्यांनी सोडले, दुबईवाल्यांनी सगळ्यांनी सोडले. रेजीनाबायने ऐकून घेतलं. मग तिने विचारलं, "इनास गेला, आता माझे पैसे मागितले तर बरं दिसेल का?"

नातीचं लग्न आहे तिच्या. मे महिन्यात.

केतकीने विचारलं, पप्पा, व्हॉट शुड आय टेल हर?

मंडळी, त्या बाईला हात जोडावे लागणार नाहीत, असं इनास बोलला होता. तिच्या ओट्यावर बसून बोलला होता, मी ऐकलंय. आणि आज तिला मागायची लाज वाटतेय. कोणामुळे? इनासमुळे नाही. आपल्यामुळे. आपण इथे एसीत बसून हात जोडलेले पाठवले, त्यामुळे. आपण पैसे सोडले की आपण मोठे होतो. तिने सोडले नाहीत तर ती छोटी होते. आणि तिच्यासारखे किती आहेत तिथे. माळी आहेत, रिक्षावाले आहेत, कॉलेजचा तो शिपाई आहे. त्याने पण एक घेतला होता.

आणि दुसरे रोखे? कोण घेईल? लोक म्हणतील, पहिल्या वेळी एक माणूस मेला आणि पैसे बुडाले. बुडाले असंच म्हणतील. माफ केले असं फक्त आपण म्हणू. मग परत पंखे, परत पायऱ्या, परत कमान. आणि लायब्ररीचं छप्पर गळतच राहील.

म्हणून माझी हरकत आहे. सभागृहाला त्या पैशातून इनासचं नाव द्यायला माझी हरकत आहे.

आता तुमच्या मनात काय आलं ते मला माहीत आहे. चुरी जळतोय. मेलेल्या माणसाचं नावसुद्धा ह्याला बघवत नाही. बरोबर आहे तुमचं. नाही बघवत. त्या कॉलेजात मीही शिकलो, त्या रोख्यांसाठी माझ्याही पाठीचा काटा ढिला झाला, आणि दर वेळी सुट्टीवर गेल्यावर त्याचं नाव वाचत आत जायचं, हे मला झेपणार नाही. परवापासून मी स्वतःला विचारतोय, तू नाही म्हणतोयस ते रेजीनाबायसाठी की स्वतःसाठी? दोन्ही असेल. दुसरा कोणी स्वच्छ मनाचा माणूस उभा राहिला असता तर मी गप्प बसलो असतो. ग्रुपवर बघितलं, कोणी उभं राहिलं नाही. सगळ्या स्वच्छ मनाच्या माणसांनी हात जोडलेले पाठवले होते.

वहिनी, आज सकाळी तुम्ही मला म्हणालात, "भावोजी, त्यांचं नाव कुठेतरी लागलं तर मला बरं वाटेल." मी ऐकलं. उत्तर आता सगळ्यांसमोर देतो. नाव लावा. जरूर लावा. पण आधी मार्च येऊ दे. आधी प्रत्येकाचे पैसे प्रत्येकाच्या हातात पडू देत. रेजीनाबायच्या हातात पडू देत. त्यानंतर ज्याला द्यायचे त्याने आपल्या खिशातून द्यावेत, आणि सभागृह बांधा, आणि इनास तुस्कानो हे नाव हवं तेवढ्या मोठ्या अक्षरांत लिहा. तेव्हा मी अडवणार नाही. जळेन, पण अडवणार नाही. तुम्ही आत्ता मान हलवलीत, ती हो म्हणून हलवलीत की माझी दया आली म्हणून, ते मला कळलं नाही. मी हो असं समजतो.

उद्या सकाळी मी सेक्रेटरींना फोन करणार आहे. सांगणार आहे, गल्फच्या रोखेधारकांना त्यांचे पैसे परत पाहिजेत. ठरलेल्या दिवशी, शेवटच्या रुपयापर्यंत. ज्यांनी ग्रुपवर सोडले त्यांनी आज रात्री परत मागा. लाज वाटेल. वाटू दे. आपण मागितले की तिला मागता येतील. आणि वसईत विचारतील, हा हलकटपणा कोणाचा, तर माझं नाव सांगा. ते नाव लागायला माझी काही हरकत नाही.

आता आपण उभे राहूया. इनाससाठी दोन मिनिटं. तुम्ही उभे राहिलात म्हणजे माझं म्हणणं पटलं असं मी धरणार नाही, काळजी करू नका. त्याच्यासाठी उभे राहा. मोबाइल बंद करा.

इनास, चाळीस वर्षांत तुझ्यासाठी मी एवढी एक गोष्ट करतोय, आणि मला माहीत आहे, मार्चमध्ये पैसे हातात पडले की रेजीनाबाय आभाळाकडे बघून तुझंच नाव घेणार. घेऊ दे.

उभे राहूया.